ढिगाला पाय असतात

१९०९ साली केरळचा काथ्या बोटीने जर्मनीला गेला. त्याला चिकटलेल्या वाळूत शोमबर्ग नावाच्या रसायनतज्ज्ञाला मोनाझाइट सापडले. त्यातले किरणोत्सर्गी थोरियम तेव्हा गॅसबत्तीच्या मँटलला लागे. म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचे हे खनिज जगाला कळले तेच मुळी दुसऱ्याच्या अंगाला चिकटून परदेशी गेले म्हणून! मी मुंबईत ट्रॉम्बेला किरणोत्सर्ग मोजायला शिकलो आणि नोकरीची बरीच वर्षे त्याच किनाऱ्यावर काढली. तिथे एक गोष्ट पक्की कळली: किरणोत्सर्गी मालाचा ढीग एका जागी बसून राहत नाही. त्याचे पाय ओळखणे हीच खरी राखण.

१. आधी ढिगाचा स्वभाव विचारा.
गोणीत काय आहे, याचे उत्तर नुसते ‘किरणोत्सर्गी’ असेल तर काहीच कळले नाही. वाळूतून वेगळे केलेले कच्चे मोनाझाइट हट्टी असते. त्यात साधारण ८ ते १० टक्के थोरियम ऑक्साइड असते, पण पावसाने ते सहसा विरघळत नाही. युरेनियम गिरणीच्या गाळाची गोष्ट निराळी. तिथे दगड दळून, बहुधा आम्लात मुरवून युरेनियम काढून घेतात. रेडियम मागेच राहते. मूळ किरणोत्सर्गातला सुमारे ८५ टक्के भाग त्या गाळातच उरतो. रस काढला म्हणून चोथा निरुपद्रवी होत नाही.

२. मोजणी ढीग रचण्याआधी करा.
नवा होतो तेव्हा मीटर घेऊन गावात हिंडत होतो. एका अंगणात धुण्याच्या दगडापाशी टिकटिक एकदम वाढली. घरातल्या अम्मांना विचारले, “ही वाळू कुठली?” त्या म्हणाल्या, “किनाऱ्यावरची, सार. इथे सगळ्यांची तिथलीच.” खरेच असावे, कारण तो किनाराच मुळात किरणोत्सर्गी. की आमच्या गोदामातून सांडलेली? सांगता येईना, कारण गोदामाआधीची नोंदच नव्हती. सामान्य माणसासाठी किरणमात्रेची वर्षाला १ मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे, ती निसर्गाच्या वाट्याव्यतिरिक्त. मग निसर्गाचा वाटा आधी ठाऊक नको?
याच किनाऱ्यावरच्या करुनागप्पळ्ळी तालुक्यात सुमारे ७० हजार लोकांची पाहणी झाली. नैसर्गिक गॅमा किरणांमुळे कर्करोग वाढल्याचे तिच्यात दिसले नाही. निष्कर्ष २००९ मध्ये आले. पण तो निर्वाळा किनाऱ्याला आहे. निवडून, साठवून, दाट केलेल्या मालाला तो लागू होत नाही.

३. गोण्या मोजू नका, उचलून पाहा.
ही चूक माझीच. एका ऑक्टोबरात गोण्या बाहेरून मोजल्या आणि ‘शाबूत’ लिहून सही केली. मे महिन्यात हमालाने एक उचलली, तर हातात नुसते कान आले. कौलांच्या फटीतून येणाऱ्या उन्हाने प्लॅस्टिक पापडासारखे कुरकुरीत झाले होते. माल जमिनीवर, बारीक धूळ हवेत. मोनाझाइटची धूळ बाहेर असताना जितकी भिववते, त्याहून छातीत गेल्यावर जास्त त्रास देते. त्या दिवशी पाणी शिंपडून, मास्क लावून, फावड्याने हळू हळू भरले. कोरडा झाडू तेव्हापासून बंद.

४. वायूचे वय बघून झाकण ठरवा.
थोरियमच्या कुळातला थोरॉन ५६ सेकंदांत निम्मा होतो. ढिगावर नुसती साधी वाळू चांगली जाड पसरली, तरी बराचसा थोरॉन वाटेतच संपतो. युरेनियमच्या कुळातल्या रेडॉनला निम्मे व्हायला ३.८ दिवस लागतात. त्याला ओलसर चिकणमातीचा जाड थर हवा. बंद गोदामात मात्र दोघांनाही कमी लेखू नये. दार उघडून पंखे लावायचे, चहा पिऊन यायचे, मगच आत शिरायचे.

५. पाण्याशी पैज लावू नका.
१६ जुलै १९७९ रोजी अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या चर्च रॉक इथे युरेनियम गिरणीच्या गाळाच्या तलावाचा बांध फुटला. सुमारे ३५ कोटी लिटर आम्लयुक्त पाणी नावाहो आदिवासींच्या वस्तीतून वाहणाऱ्या पुएर्को नदीत गेले. बांधाला तडे आधीच दिसलेले होते. यूटाहमधल्या मोआबला तर कोलोराडो नदीच्या काठावरच अशा गाळाचा १ कोटी ६० लाख टनांचा ढीग होता. २००९ पासून तो झाकणबंद डब्यांतून रेल्वेने सुमारे ५० किलोमीटर दूर नेण्याचे काम सुरू झाले. त्याला दशकाहून अधिक काळ लागला. नदीकाठी रचायला स्वस्त पडले, उचलायला किती पडले ते बघा.

६. फुकटच्या वाळूला गिऱ्हाईक असतेच.
ढिगाचे सर्वांत वेगवान पाय माणसाचे. कोलोराडोतल्या ग्रँड जंक्शनला युरेनियम गिरणीचा गाळ १९६६ पर्यंत लोक भरावासाठी नेत होते. तो हजारो घरांच्या पायांत, पदपथांत आणि बागांत गेला. पुढे घरोघर खणून काढावा लागला. त्यात कोणाचीही चोरी नव्हती. कुंपणाला पाटी लावून हे थांबत नाही. गावाला भरावाची वाळू कुठून मिळेल, याची सोय आधी करावी लागते.

७. नोंद कपाटात ठेवू नका.
अमेरिकेत युरेनियम गाळाच्या आच्छादनाचा नियम असा की ते शक्यतो १,००० वर्षे, निदान २०० वर्षे टिकावे. थोरियम निम्मे व्हायला १,४०० कोटी वर्षे लागतात. साहेब तीन वर्षांत बदलतो, फाइल त्याहून लवकर हरवते; अंगणातले माणूस मात्र तिथेच असते. हे कळल्यावर मी गावात मायक्रोसिव्हर्टची व्याख्याने देणे सोडले. प्रत्येक घराला तारीख, जागा आणि आकडा लिहिलेली चिठ्ठी द्यायला लागलो.

निवृत्तीच्या आधी शेवटची फेरी केली. धुण्याच्या दगडापाशी मीटर धरला. अम्मांनी रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकमधून जुन्या चिठ्ठ्या काढून ओळीने मांडल्या आणि विचारले, “यंदा किती, सार?”