डेटाबेसची निवड : नोंदी सुरक्षित राहाव्यात म्हणून

भाड्याच्या सर्व्हरवर चालणाऱ्या सेवेसाठी डेटाबेस निवडताना, एकाच वेळी किती ठिकाणांहून नोंदी होणार, हे प्रथम पाहावे. २००० साली निघालेली एसक्यूलाइट प्रणाली सर्व माहिती एकाच फाइलमध्ये ठेवते. मात्र तीत एका क्षणी एकच नोंद लिहिली जाते. एका कार्यालयाच्या नोंदवहीस ती पुरेशी आहे. अनेक गावांतून एकाच वेळी करभरणा नोंदवायचा असल्यास पोस्टग्रेस अधिक योग्य. दोन्ही विनामूल्य आहेत.

काही सेवांत सर्व्हर पुन्हा सुरू होताच त्यावरील फाइली पुसल्या जातात. एसक्यूलाइट निवडण्यापूर्वी याची खात्री करून घ्यावी. प्रणाली कोणतीही असो, रोजची प्रत अन्यत्र ठेवावी आणि तीवरून नोंदी परत मिळतात किंवा नाही, हे वेळोवेळी तपासावे. न तपासलेल्या प्रतीवर विसंबून राहणे धोक्याचे होय.