मुक्काम ओर्तालाच कर

अगं, तुझी यादी वाचली. मिलानमधलं ऑफिसचं काम संपलं की कोमो, बेलाजिओ, वेरोना, व्हेनिस आणि जमलंच तर फ्लॉरेन्स, तेही चार दिवसांत. रोज नवं हॉटेल, रोज बॅग भरायची, रोज पहाटे स्टेशन गाठायचं. गेले कित्येक महिने फोनवर तुझा आवाज ऐकते आहे ना मी, म्हणून स्पष्टच सांगते. ही यादी तुला आणखी दमवेल. तुला आत्ता बघण्याची नाही, थांबण्याची गरज आहे. व्हेनिस पुढच्या खेपेला बघ. या वेळी एक सरोवर निवड, त्याच्या काठचं एक गाव निवड आणि सगळ्या रात्री तिथेच राहा.

कोमो सुंदर आहे, याबद्दल वादच नाही. पण मिलानहून गाडी तासाभरात त्याच्या काठच्या वारेन्नाला सोडते आणि ही सोय सगळ्या जगाला ठाऊक आहे. मोसमात बेलाजिओच्या बोटीसाठी जी रांग लागते, ती पाहून तुझ्या जिवाला स्वस्थता वाटणार नाही. इझेओ सरोवरातलं मोन्ते इझोला हे बेट मला फार आवडतं. डोंगरच पाण्यातून वर आल्यासारखा दिसतो, बाहेरच्या मोटारींना तिथे बंदी आहे आणि मासेमारीची जाळी विणण्याचा धंदा पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. तिथेही कधीतरी जा. पण एकटीने, पहिल्यांदा आणि थकलेली असताना जायचं, तर माझं मत ओर्ताला.

ओर्ता मिलानच्या पश्चिमेला, पिएमोन्तेमध्ये आहे. सरोवराची लांबी जेमतेम १३ किलोमीटर. मिलानहून आधी नोवारा आणि तिथे गाडी बदलून दोमोदोस्सोलाच्या बाजूची छोटी गाडी. हिच्या फेऱ्या कमी असतात, रविवारी आणखी कमी, काही वेळा तर गाडीऐवजी बस सोडतात. तेव्हा वेळापत्रक आदल्या दिवशी पुन्हा बघ. एप्रिल-मेमध्ये गेलीस तर नोवाराच्या आसपास खिडकीतून बाहेर बघत राहा. पाण्याने भरलेली भातखाचरं दिसतील, बांधासकट. आपल्या मामाच्या गावाची आठवण येईल तुला. रिसोत्तोचा तांदूळ इथलाच.

ओर्ता-मियाझिनो स्टेशन गावाच्या वर आहे. तिथून सरोवरापर्यंत अर्धा तास चालायचं, बराचसा उतार. वाटेत मिनारासारखा उंच मनोरा असलेली एक अरबी थाटाची इमारत दिसेल, ती व्हिला क्रेस्पी. कापसाच्या व्यापारात पैसा केलेल्या क्रेस्पी नावाच्या उद्योजकाने १८७९ मध्ये ती बांधून घेतली. आता तिथे अतिशय महागडं हॉटेल आहे. आपण बाहेरूनच बघायची. गावातल्या गल्ल्या दगडगोट्यांच्या आहेत. चाकांची मोठी बॅग आणशील तर हात भरून येतील. पाठीवर मावेल तेवढंच सामान घे आणि चांगल्या तळव्याचे बूट घाल.

आता मुक्कामाचा आग्रह का धरते ते सांगते. दुपारी बारा ते पाच या वेळात पियाझ्झा मोत्ता, म्हणजे पाण्यालगतचा तो मुख्य चौक, पाहुण्यांनी भरलेला असतो. आइस्क्रीम, फोटो, गाईडच्या मागून चालणारे जथे. तेवढंच पाहून परतणारा माणूस म्हणेल, छान आहे, पण इतकं काय! मग संध्याकाळी बसगाड्या निघून जातात. चौकाच्या तीन बाजूंना जुनी घरं आणि कमानी आहेत, चौथी बाजू थेट पाण्यावर उघडते. मध्येच खांबांवर उभी असलेली १५८२ची पालाझ्झोत्तो नावाची छोटीशी इमारत, भिंतींवर पुसट झालेली रंगचित्रं. हॉटेलचा पोऱ्या खुर्च्या आत घेतो, गावातल्या आज्या कुत्र्यांना घेऊन बाकांवर येऊन बसतात, आणि समोरच्या बेटावर एकेक दिवा लागत जातो. हा तास मुक्कामाला राहिलेल्यालाच मिळतो. सकाळी सातचाही तसाच, पाण्यावर धुकं असतं तेव्हाचा. या दोन वेळांसाठीच तुला तिथे राहायला सांगते आहे. खोली गावाच्या आतच घे, वर मोटाररस्त्यावर नको. जिने किती आहेत ते आधी विचारून ठेव, जुन्या घरांना लिफ्ट नसते.

समोरचं बेट म्हणजे इझोला सान जुलिओ. बोटीने पाचेक मिनिटं. चौथ्या शतकात संत जुलिओ आपला अंगरखा पाण्यावर पसरून त्यावरून बेटावर गेला आणि तिथले साप-अजगर हाकलून त्याने देऊळ उभारलं, अशी कथा आहे. आजच्या चर्चमध्ये काळसर हिरव्या दगडाचं, बाराव्या शतकातलं व्यासपीठ आहे. त्यावर कोरलेल्या पशूंपाशी थोडी थांब. बेटावर १९७३ पासून बेनेडिक्टाइन जोगिणींचा मठ आहे. प्रार्थनेबरोबर जुन्या जीर्ण वस्त्रांची दुरुस्ती करणं हेही त्यांचं काम. बेटाला वळसा घालणारी एकच गल्ली आहे, तिला मौनाची वाट म्हणतात. भिंतींवर जागोजागी मौनाविषयीच्या ओळींच्या पाट्या आहेत. चालायला वीस मिनिटंसुद्धा लागत नाहीत. तू मात्र घड्याळ न बघता चाल, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून. शक्यतो सकाळच्या पहिल्या बोटीने जा.

गावामागच्या टेकडीवर साक्रो मोन्ते आहे. १५९०च्या सुमारास काम सुरू झालं आणि पुढे दीड-दोनशे वर्षं चाललं. झाडीत विखुरलेली २० छोटी देवळं, त्यांत असिसीच्या संत फ्रान्सिसचा जन्मापासूनचा जीवनपट. २००३ मध्ये युनेस्कोने त्या भागातल्या अशा ९ टेकड्यांना जागतिक वारशात घेतलं, त्यातली ही एक. प्रत्येक देवळात आत जायला बंदी, जाळीतून बघायचं. वरवर बघून पुढे जाऊ नकोस. जाळीला डोळा लाव, अंधाराला नजर सरावू दे. मग मातीचे माणसाएवढे पुतळे एकेक करून पुढे येतात. तोंडावर हात धरून कुजबुजणारी बाई, आईच्या घागऱ्याला बिलगलेलं पोर, एका कोपऱ्यात कुत्रा. संताच्या कथेइतकंच चारशे वर्षांपूर्वीचं गाव तिथे उभं आहे. त्यांच्यापाशी अर्धा दिवस गेला तरी जाऊ दे. वरून झाडांमधून बेट दिसतं.

आणखी एक सांगते, कारण हे पाणी बघताना तुला ते माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. हे सरोवर एकदा मेलं होतं. १९२६ च्या सुमारास दक्षिण टोकाला गोझ्झानोमध्ये कृत्रिम रेशमाचा बेम्बर्ग कारखाना सुरू झाला. तांबं आणि अमोनियाची संयुगं थेट पाण्यात जाऊ लागली. दोन-तीन वर्षांतच मासे आणि सूक्ष्म जीव नाहीसे झाले, आणि पुढे पाणी आम्लधर्मी होत गेलं. अनेक दशकं ते नितळ दिसायचं, पण त्यात काही जगत नव्हतं. अखेर १९८९-९० मध्ये बोटींतून हजारो टन चुनखडीची पूड पसरून आम्ल मारलं, आणि हळूहळू जीव परतले. आज लोक तिथे पोहतात, गळ टाकून बसतात. मला या सरोवराबद्दल जी माया वाटते, ती यामुळे जास्त. कुणीतरी नेटाने ते परत आणलं आहे.

खाण्याचं नीट ऐक. तू शाकाहारी, तेव्हा 'पानिश्शा' नावाला भुलू नकोस. भात आणि राजम्यासारख्या दाण्यांचा तो साधा पदार्थ दिसतो, पण त्यात सलामी आणि चरबी असते. रिसोत्तो बहुतेक वेळा मांसाच्या रश्शात शिजवतात, म्हणून आधी विचार. पोलेंता मिळेल, गोर्गोन्झोला चीज तर बरंचसं नोवारा भागातच बनतं, मशरूमचे पदार्थ शरद ऋतूत छान असतात. पार्मेजानोसारखी काही चीजं वासराच्या रेनेटने बनतात, तुला ते चालत नसेल तर ध्यानात ठेव. दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघरं बंद होतात ती संध्याकाळी सात-साडेसातलाच उघडतात. मधल्या वेळेसाठी फळं, ब्रेड जवळ असू दे. बुधवारी चौकात बाजार भरतो, तिथून घे. कॉफी बारच्या फळीशी उभ्याने प्यायलीस तर स्वस्त, टेबलाशी बसलीस की दर वेगळा. बिलात माणशी दोन-तीन युरो 'कोपेर्तो' लावतील, तो तिथला रिवाज आहे, भांडू नकोस. दुकानात शिरताना बोंजोर्नो म्हण, चर्चमध्ये खांदे झाकलेले असू देत. हॉटेलात पासपोर्ट मागतील, कायद्याने त्यांना नोंद करावी लागते.

जायचं मे-जूनमध्ये किंवा सप्टेंबरमध्ये. ऑगस्टच्या मध्यावर अख्खा इटली सुटीवर असतो. हिवाळ्यात निम्मी हॉटेलं बंद, बोटी तुरळक. इटलीच्या मानाने हा भाग पावसाळी आहे, छत्री ठेव. पाऊस आला तर कमानीखाली पुस्तक घेऊन बस. तोही दिवस वाया गेला असं समजू नकोस. तुला हे जड जाईल, मला माहीत आहे. काहीच न उरकता संध्याकाळ झाली की तुला अपराधी वाटतं. पहिल्या दिवशी वाटेलच, वाटू दे.

अगदीच पाय शिवशिवले तर बोटीने उत्तर टोकाला ओमेन्याला जा. जान्नी रोदारी, मुलांसाठी लिहिणारा तो मोठा लेखक, १९२० मध्ये इथेच जन्मला. त्याची बारोन लाम्बेर्तोची गोष्ट सान जुलिओ बेटावरच घडते. या टोकाला भांड्यांचे कारखाने, पश्चिम काठाला नळांचे. अलेस्सी कंपनी इथली, आणि १९३३चा बियालेत्तीचा कॉफीचा मोका पॉटही इथलाच. तो घराघरांत पोहोचवणाऱ्या रेनातो बियालेत्तींच्या अस्थी २०१६ मध्ये मोका पॉटच्याच आकाराच्या कलशात ठेवून पुरल्या.

बाबांसाठी तिथून एक छोटा मोका पॉट आण, तीन कपांचा. आपल्या गॅसच्या शेगडीवर तो घसरतो, म्हणून वर ठेवायची लहान जाळीही घे. आईला सांग, साबणाने घासायचा नाही, नुसता पाण्याने विसळून उघडा वाळवायचा.