इंझोरीहून आई-बाबा आलेत? आधी टोरांटोची बेटं दाखवा

इंझोरीहून किंवा वाशीमकडच्या कुठल्याही गावाहून आई-बाबा उन्हाळ्यात आले, की पहिल्याच शनिवारी त्यांना गाडीत घालून नायगाऱ्याला न्यायची आपल्याकडे रीत पडली आहे. इथे मुरलेली मराठी घरं मात्र सांगतात, की आधी झोपेचं वेळापत्रक जागेवर येऊ द्या आणि तोवर जवळची बेटं दाखवा. बोटीचा प्रवास साधारण पंधरा मिनिटांचा आहे. बेटांवर खासगी गाड्यांना बंदी असल्यामुळे म्हातारी माणसं आणि मुलं निर्धास्त फिरतात. या घरांनी सांगितलेलं थोडक्यात असं.

कसं जायचं: ब्रॅम्प्टन, मिसिसागाहून गाडी घेऊन येऊ नका. गो ट्रेनने युनियन स्टेशनला या. तिथून बे स्ट्रीटच्या टोकाला जॅक लेटन फेरी टर्मिनल आहे. पायी पंधरा मिनिटं, नाहीतर स्ट्रीटकारने क्वीन्स की स्टॉप. बेटावरच्या विमानतळाची बोट वेगळी आहे, ती बाथर्स्ट स्ट्रीटच्या टोकाहून सुटते. फोनवर नुसतं ‘आयलंड फेरी’ टाकलंत, तर भलत्याच धक्क्यावर पोचाल.

तिकीट: ऑनलाइन काढून ठेवा. एकाच तिकिटात जाणं-येणं होतं, परतताना कोणी विचारत नाही. तिकिटाची रांग वाचते, बोटीत चढायची वाचत नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकर निघा.

कुठली बोट: खरी मेख इथे आहे. एकाच टर्मिनलवरून तीन धक्क्यांना बोटी जातात. बरोबर कोण आहे ते बघून बोट निवडा.

लहान मुलं असतील तर सेंटर आयलंड. तिथे सेंटरव्हिल ही पाळणे-चक्रांची बाग आहे आणि घरच्या सगळ्यांनी मिळून पॅडल मारायच्या चारचाकी सायकली भाड्याने मिळतात. गर्दीही सगळ्यात जास्त तिथेच.

आई-बाबा असतील तर वॉर्ड्स आयलंड. सावलीच्या गल्ल्या, लहान लहान घरं, पुढे पाण्याकाठचा लाकडी बोर्डवॉक. त्या घरांत लोक राहतात. फोटोसाठी कुणाच्या अंगणात शिरू नका. हिवाळ्यात बोट चालू असते ती याच धक्क्याची.

तिसरा हॅनलन्स पॉइंट. तिथल्या किनाऱ्याच्या एका भागात कपड्यांचं बंधन नाही, आणि तेही महापालिकेच्या परवानगीने. पाटी लावलेली असते. सासू-सासऱ्यांना घेऊन निघण्याआधी एवढं ठाऊक असलेलं बरं.

बोटीत: जाताना मागच्या बाजूला उभे राहा. बोट धक्का सोडते तशी काठावरची इमारतींची रांग मागे सरकते आणि 553 मीटरचा सीएन टॉवर पायथ्यापासून शेंड्यापर्यंत नजरेत मावतो. पाणी खारट आहे का, असं बाबा विचारणारच. नाही, हे ऑन्टारिओ सरोवराचं गोडं पाणी आहे. ही बेटं पूर्वी वाळूच्या पट्ट्याने जमिनीला जोडलेली होती; 1858 च्या वादळात तो पट्टा तुटला. सेंटर आणि हॅनलन्सच्या मधल्या वाटेवर 1808 साली बांधलेलं दीपगृह अजून उभं आहे, तेही दाखवा.

डबा: बेटावर खायला मिळतं, पण महाग आणि रांग लावून. धपाटे, ठेचा, दही असा सुटसुटीत डबा घ्या. वरण-भाताचा पसारा नको, कारण हंस थेट ताटापर्यंत येतात. त्यांना घास टाकू नका. एकाला दिलात की दहा येतात. मे महिन्यातही पाण्यावरचा वारा बोचतो. आईच्या पिशवीत स्वेटर आणि कानाला रुमाल असू द्या.

परतताना: उन्हाळ्यातल्या रविवारी संध्याकाळी सेंटरच्या धक्क्यावर लांबच लांब रांग लागते. पाय चालत असतील तर बोर्डवॉकने वॉर्ड्सला या, अंतर सुमारे दोन किलोमीटर. तिथे बोट लवकर मिळते. आई-बाबांना तेवढं झेपणार नसेल, तर वॉर्ड्सला उतरून तिथूनच परता, सेंटरकडे वळूच नका. वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलतं, म्हणून शेवटच्या बोटीची वेळ निघण्यापूर्वी बघा आणि तिच्या आधीची बोट धरा.

नायगारा कुठे पळून जात नाही, तो पुढच्या महिन्यात दाखवा. पहिला शनिवार वॉर्ड्स आयलंडला द्या.