औषधाची चिठ्ठी आणि वाहनाचे चाक

वैद्याने दिलेले औषध अपायकारक असूच शकत नाही, अशी आपल्याकडे अनेकांची समजूत आहे. औषध आणि नशा या दोन गोष्टी आपण मनाच्या दोन निराळ्या खणांत ठेवतो. परंतु भांग ही वनस्पती या दोन्ही खणांत सापडते. तेव्हा औषध म्हणून भांग पोटात गेलेल्या माणसाने वाहन चालवावे काय, या प्रश्नाचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आयुर्वेदात भांगेला 'विजया' म्हणतात. पोटाच्या जुनाट विकारावर देतात त्या जातीफलादि चूर्णाच्या पारंपरिक पाठात ती आहे. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक केंद्रीय कायद्याने गांजाच्या व्याख्येत झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे धरले आणि शेंड्यांवाचूनची पाने व बिया वगळल्या. त्यामुळे पानांची भांग त्या व्याख्येबाहेर राहिली. महाराष्ट्रात तिच्यावर १९४९ च्या दारूबंदी कायद्याचे नियंत्रण आहे. आयुर्वेदिक औषधात भांग असेल तर ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे, अशी सूचना वेष्टनावर इंग्रजी व हिंदीत छापावी लागते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे माझ्या चुलत्यांच्या डबीवरची बारीक अक्षरे वाचण्याचे काम माझ्याकडे आले. त्या सूचनेत वाहनाविषयी एक शब्दही नव्हता, आणि तात्या तर ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर चालवतात.

मानसशास्त्राच्या तासाला आपण 'अवधान' आणि 'प्रतिक्रियाकाल' हे शब्द शिकतो. भांगेतील टीएचसी हे मादक द्रव्य नेमके यांवरच परिणाम करते. लक्ष विचलित होते, वेळेचा व अंतराचा अंदाज चुकतो आणि ब्रेकवर पाय जाण्यास उशीर होतो. नेदरलँड्समध्ये २६ निरोगी व्यक्तींवर केलेला एक प्रयोग २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांना हे द्रव्य वाफेवाटे देऊन प्रत्यक्ष महामार्गावर मोटार चालवावयास लावले, तेव्हा ४० ते १०० मिनिटांच्या काळात गाडी आपल्या पट्ट्यात अधिक डुलू लागली. चार-पाच तासांनी मात्र लक्षणीय फरक उरला नाही. त्याच वनस्पतीतील सीबीडी या दुसऱ्या द्रव्याने असा परिणाम दिसला नाही. यावरून भांगेतील सर्वच घटक सारखे नव्हेत, हे ध्यानात येते.

पोटातून घेतलेल्या भांगेची तऱ्हा निराळी आहे. तिचा अंमल अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत केव्हाही सुरू होतो आणि पुढे बराच वेळ टिकतो. घेतल्याबरोबर काही जाणवत नाही, म्हणून माणूस निर्धास्त निघतो. अंमल चढतो तो वाटेत. बारामती-इंदापूर भागात गळीत हंगाम सुरू झाला की माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील कारखान्यांकडे उसाच्या गाड्या रात्रंदिवस धावतात. दोन भरलेल्या ट्रेलरांचा ट्रॅक्टर अरुंद रस्त्यावर वीतभर जरी सरकला, तरी समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला जागा उरत नाही. त्यात जागरणाची भर पडते.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ मध्ये दारूला माप आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळला की गुन्हा होतो. अंमली द्रव्याला त्या कलमात असा आकडा नाही. वाहनावर योग्य ताबा ठेवता येऊ नये इतका अंमल असणे, हीच कसोटी आहे. वैद्याची चिठ्ठी दाखवली म्हणून सूट मिळेल, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. ब्रिटनने २०१५ पासून रक्तातील टीएचसीची मर्यादा ठरविली आणि वैद्यकीय सल्ल्याने औषध घेणाऱ्यास बचावाची सोयही ठेवली. पण प्रत्यक्ष वाहन चालविणे बिघडलेले असेल, तर तेथेही तो दोषी ठरू शकतो. तात्पर्य, चिठ्ठीने औषध घेण्यास संमती मिळते. चाक हाती घेण्यास नव्हे.

हे सारे तात्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "पोट धरून ट्रॅक्टर चालवू का मग? आणि खेप बुडली तर हप्ता कोण भरणार, तू?" या प्रश्नाला माझ्या पाठ्यपुस्तकात उत्तर नाही. दुखणेकऱ्याने औषध टाकून द्यावे, असेही मी म्हणणार नाही, कारण पोटातल्या कळांनीही लक्ष उडतेच. परंतु 'मी रात्री ट्रॅक्टर चालवतो' हे एक वाक्य औषध घेण्यापूर्वी वैद्याला सांगता येते. वैद्यालाही 'काम काय करता?' असे विचारता येते. मग औषध बदलता येईल, निदान पहिले काही दिवस चाकापासून दूर राहता येईल. त्यावर दारू घेणे तर सर्वथा टाळलेच पाहिजे. आणि त्या चार दिवसांसाठी बदली चालक देण्याची तयारी गाडीमालकानेही ठेवली पाहिजे; कारण रस्ता एकट्या चालकाचा नसतो. आपल्यापैकी ज्यांच्या घरी स्टिअरिंगवर पोट चालते, त्यांनी घरातील औषधांची वेष्टने एकदा वाचून दाखवावीत. शिक्षणाचा एवढा उपयोग तर आजच होण्यासारखा आहे.