दूरच्या रुग्णावर जवळून लक्ष

"डॉक्टरसाहेब, घरी बी.पी.चं मशीन घेतलं तर चालेल काय?" हा प्रश्न नागपूरच्या बाह्यरुग्ण विभागात मला जवळजवळ रोज ऐकायला मिळतो. विचारणारे बहुधा कुही, भिवापूर, उमरेड किंवा नरखेडकडचे असतात. एका फेरीत त्यांची दिवसाची मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याचीही बुडते, एस.टी.चे भाडे लागते ते वेगळेच. इतके करून तपासणी होते ती पाच-सात मिनिटांची. तेव्हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. मी "जरूर घ्या" असेच सांगतो, पण सोबत एक उलट प्रश्नही विचारतो: "आकडा आला, की तो कोणाला सांगणार?"

वाचकहो, आजचा लेख या उलट प्रश्नाविषयी आहे.

दूरस्थ निरीक्षण म्हणजे काय?

रुग्ण आपल्या घरी किंवा गावातच असतो. त्याचा रक्तदाब, वजन, रक्तातील साखर, ऑक्सिजन किंवा श्वासांची गती ठरलेल्या वेळी मोजली जाते. तो आकडा फोनने किंवा अन्य मार्गाने परिचारिकेकडे अथवा डॉक्टरांकडे पोहोचतो, आणि तिकडून "गोळी तीच ठेवा", "डोस बदला", "आजच दवाखान्यात या" असा निरोप परत येतो. याला दूरस्थ रुग्णनिरीक्षण म्हणतात.

याचा फायदा सहज समजण्यासारखा आहे. रक्तदाबाचा रुग्ण दर तीन महिन्यांनी आला, तर वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी फक्त चार दिवसांचा रक्तदाब डॉक्टरांना कळतो. त्यातही प्रवासाचा शीण आणि दवाखान्याची धास्ती यामुळे तो आकडा अनेकदा चढलेला असतो. उरलेले ३६१ दिवस घरच्या मोजमापातूनच कळू शकतात.

मात्र या व्यवस्थेला तीन कड्या आहेत: बरोबर मोजणे, आकडा पोहोचणे आणि उत्तर मिळणे. यातील एक जरी तुटली, तरी बाकीच्या दोन निरुपयोगी ठरतात. मशीन विकत घेतल्याने फक्त पहिली कडी हाती येते.

गडचिरोलीचा धडा

ही कल्पना परदेशातून आली असे अनेकांना वाटते. पण तिचे फार चांगले उदाहरण नागपूरपासून पावणेदोनशे किलोमीटरवर, गडचिरोली जिल्ह्यात आहे. आपल्याच मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी असलेले डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ च्या सुमारास तेथे 'सर्च' संस्थेचे काम सुरू केले. त्या भागात लहान मुले न्यूमोनियाने दगावत होती. डॉक्टर दूर, क्ष-किरण यंत्र त्याहून दूर. मग गावातच रोग ओळखायचा कसा?

न्यूमोनियात बाळाचा श्वास जलद होतो. एक मिनिट श्वास मोजले तरी बरेच कळते. पण गावातील सुईणीला पन्नास-साठपर्यंत मोजता येत नसे. त्यासाठी मण्यांचे एक साधे उपकरण तयार करण्यात आले. सोबत एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवावा लागला, तर न्यूमोनिया समजून औषध द्यायचे. वीज नाही, तार नाही, तरी मोजमाप पक्के.

पुढे नवजात बाळांसाठी ३९ गावांत हेच काम अधिक व्यापक झाले. गावातीलच प्रशिक्षित स्त्री, म्हणजे आरोग्यदूत, बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचे वजन करी, ताप पाही, श्वास मोजी, आणि जंतुदोषाची लक्षणे दिसल्यास ठरलेले उपचार सुरू करी. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने या गावांतील नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटला होता. २०११ पासून घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. आज आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी ४२ दिवसांत सहा वेळा जातात, ते त्याच कार्यक्रमाखाली.

यातून शिकायचे काय? नुसत्या मण्यांनी बाळे वाचली नाहीत. मणी मोजणारीच्या पिशवीत औषध होते, काय करायचे ते तिला शिकवलेले होते, आणि तिच्या कामावर देखरेख होती. आकडा आणि उपाय एकाच हाती होते.

बाहेरच्या देशांचा अनुभव

अमेरिकेत हृदय कमकुवत झालेल्या १,६५३ रुग्णांचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. अर्ध्या रुग्णांनी रोज एका स्वयंचलित दूरध्वनीवर आपले वजन आणि त्रास नोंदवायचा होता. परिणाम? मृत्यूंत आणि पुन्हा भरती होण्यात काहीच फरक पडला नाही. १४ टक्के रुग्णांनी तर ती सोय एकदाही वापरली नाही.

जर्मनीत अशाच १,५७१ रुग्णांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. तेथे वजन, रक्तदाब, हृदयाचा आलेख आणि ऑक्सिजन यांची रोज नोंद जाई, आणि दुसऱ्या टोकाला डॉक्टर व परिचारिका चोवीस तास बसलेले असत. या रुग्णांत मृत्यूंचे प्रमाण कमी आढळले. दोन्ही अभ्यासांत इतरही फरक होते. तरी पलीकडे माणूस बसलेला असणे किती मोलाचे आहे, हे यावरून ध्यानात येते.

वही भरली, पण...

भिवापूर तालुक्यातील साठीच्या एक आजी गेल्या वर्षी अर्धांगवायू होऊन आल्या. त्यांचे रक्तदाबाचे उपचार दुसरीकडे सुरू होते. मुलाने हौसेने मशीन घेऊन दिले होते आणि नात शाळेच्या वहीत रोजचा आकडा लिहून ठेवी. मी ती वही पाहिली. अक्षर सुरेख, एकही दिवस चुकलेला नाही. शेवटच्या तीन आठवड्यांत वरचा आकडा सतत १८० च्या पुढे होता. "कोणाला दाखवली नाही काय?" असे विचारल्यावर मुलगा म्हणाला, "तारीख पुढच्या महिन्याची होती जी. तेव्हा दाखवणारच होतो." आकडा किती झाला की थांबायचे नाही, हे त्या घरात कोणीच सांगितले नव्हते. आजींचा उजवा हात अजून उचलत नाही.

गावात उत्तर कोण देईल?

आज बहुतेक गावांत आशाताई आहेत. उपकेंद्रांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तेथे समुदाय आरोग्य अधिकारी रक्तदाब व साखर तपासतात. 'ई-संजीवनी' या सरकारी सेवेतून तेथूनच डॉक्टरांशी दृक्-श्राव्य सल्लामसलत होऊ शकते. ही सेवा २०१९ पासून आरोग्य केंद्रांत आणि २०२० पासून थेट घरूनही मिळते.

रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला, तेव्हा पहिल्या जिल्ह्यांत आपल्या विदर्भातील भंडारा आणि वर्धा होते. ठरलेली औषधयोजना, गोळ्यांचा अखंड पुरवठा, घराजवळ तपासणी आणि न आलेल्या रुग्णाची चौकशी हे त्याचे सूत्र होते. शेवटचा मुद्दा फार मोलाचा. रुग्ण आला नाही हे कोणाच्या तरी लक्षात येणे, हेसुद्धा निरीक्षणच आहे.

घरी रक्तदाब कसा मोजावा?

१. दंडाला पट्टा बांधायचे मशीन घ्या. मनगटाचे मशीन तितके विश्वासार्ह नसते. पट्टा दंडाच्या मापाचा हवा.

२. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, बिडी, तंबाखू, खर्रा नको. लघवी करून या.

३. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसा. मांडी घालून किंवा पायावर पाय टाकून बसू नका. हात टेबलावर, छातीच्या उंचीला ठेवा. मोजताना बोलू नका.

४. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. मनाजोगा आकडा येईपर्यंत मोजत राहू नका.

५. डॉक्टरांना दाखवण्यापूर्वी सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोजा. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा जास्त असेल, तर रक्तदाब वाढलेला समजावा.

६. एका आकड्यावरून गोळी स्वतः बंद करू नका, वाढवूही नका.

कोविडच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर अनेकांकडे अजून असेल. बोट गार असेल, नखांना रंग किंवा मेंदी असेल तर आकडा चुकू शकतो. काळ्या-सावळ्या कातडीवर तो खऱ्यापेक्षा थोडा जास्तही दाखवतो. म्हणून दम लागला असेल, तर आकडा चांगला आहे म्हणून घरी बसू नका.

फोनची वाट पाहू नका

पुढील गोष्टींत सल्लामसलतीत वेळ न घालवता १०८ ची रुग्णवाहिका बोलवा किंवा जवळचे रुग्णालय गाठा:

- रक्तदाब १८०/१२० च्या पुढे आणि सोबत छातीत दुखणे, दम, तीव्र डोकेदुखी किंवा अंधारी.
- तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, बोबडी वळणे. येथे रक्तदाब किती, हे पाहत बसू नये.
- गरोदर स्त्रीचा रक्तदाब १४०/९० किंवा जास्त असेल, तर त्याच दिवशी दाखवा. डोकेदुखी, धूसर दिसणे किंवा पोटात वरच्या बाजूला दुखणे असेल, तर तात्काळ न्या.
- दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक. दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा अधिक. एक ते पाच वर्षे ४० किंवा अधिक. श्वास बाळ शांत असताना, पूर्ण मिनिट मोजावेत. त्यातही दोन महिन्यांच्या आतील बाळ दूध पीत नसेल किंवा अंग गार पडले असेल, तर क्षणही दवडू नका.

हृदयविकारामुळे पायांना सूज येणाऱ्यांनी रोज सकाळी वजन करावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर अंगात पाणी साठत असण्याची शक्यता असते. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

वहीचे पहिले पान

पुढच्या तपासणीला जाताना वही सोबत न्या आणि पहिल्या पानावर डॉक्टरांकडून चार गोष्टी लिहून घ्या: माझा आकडा किती असावा, किती झाला तर कळवावे, किती झाला तर लगेच यावे, आणि कळवायचे कोणाला, त्यांचा फोन नंबर. दुसऱ्या ओळीत आशाताईंचा नंबर लिहा. डॉक्टर घाईत असले, तरी संकोच न करता विचारा. तो तुमचा हक्क आहे, आणि त्याला दोन मिनिटेच लागतात. घरात ज्याला वाचता येते त्याला, मग तो पाचवीतला नातू का असेना, ते पान समजावून द्या.