गर्भिणी आणि रक्त पातळ ठेवणारी औषधे : देखरेखीतील आपला वाटा

बालपणीच्या संधिवातज्वराने हृदयाची झडप निकामी होऊन तरुण वयातच यांत्रिक झडप बसवावी लागलेल्या स्त्रिया आपल्याकडे दुर्मीळ नाहीत. पाळी चुकली की अर्नाळ्यासारख्या गावी अशी स्त्री प्रथम जवळच्या वैद्यांकडे वा औषधाच्या दुकानी येण्याचा संभव असतो. तिच्या पिशवीत वॉरफॅरिन किंवा असेनोकुमारॉल असते. 'रक्त पातळ' हा शब्दप्रयोगच मुळी फसवा आहे. ही औषधे रक्त पातळ करीत नाहीत, ते गोठण्यास विलंब लावतात. परंतु रक्त पातळ होऊन गर्भ अशक्त होईल, या समजुतीने गोळी परस्पर बंद केली जाते, आणि खरा अनर्थ तेथे घडतो. गर्भावस्थेत रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती स्वभावतःच वाढते. झडपेवर गुठळी जमून ती अडकल्यास माता दगावू शकते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. या गोळ्या अपरेतून गर्भापर्यंत पोहोचतात. सहाव्या ते बाराव्या आठवड्यात त्यांमुळे गर्भाच्या नाकाची व हाडांची वाढ बिघडू शकते आणि पुढेही गर्भाच्या मेंदूत रक्तस्रावाचे भय राहते. म्हणून पाळी चुकताच, त्याच दिवशी, हृदयरोगतज्ज्ञांशी संपर्क करून द्यावा. वॉरफॅरिनची मात्रा दिवसाला ५ मिलिग्रॅम वा त्याहून कमी असल्यास गोळी चालू ठेवायची की एनॉक्सापॅरिनच्या इंजेक्शनवर जायचे, हा निर्णय त्यांचा. तोपर्यंत गोळी आपण थांबवू नये.

इंजेक्शन सुरू झाल्यावर एक चूक सर्रास होण्याजोगी आहे. रुग्णा आयएनआरचा अहवाल दाखविते, आकडा एकच्या आसपास असतो, आणि 'औषध लागू पडत नाही' किंवा 'सर्व ठीक आहे' असा निष्कर्ष काढला जातो. दोन्ही चूक. आयएनआर ही गोळ्यांची मोजणी आहे, एनॉक्सापॅरिनची नव्हे. त्यासाठी अँटी टेन-ए ही तपासणी इंजेक्शननंतर ४ ते ६ तासांनी करतात. यांत्रिक झडपेच्या रुग्णेत ती पातळी दर मिलिलिटरला ०.८ ते १.२ एकक राखतात व दर आठवड्यास पाहतात, कारण वजन आणि मूत्रपिंडाची गती वाढल्याने तीच मात्रा पुढे अपुरी पडते. केवळ शिरेतील गुठळीसाठी इंजेक्शन चालू असेल तर ही तपासणी बहुधा नित्य लागत नाही.

अर्नाळा किल्ल्याच्या बेटावरील गर्भिणीस होडीने किनारा, मग विरार असा प्रवास करावा लागतो. तिच्या इंजेक्शनची वेळ रक्त देण्याच्या वेळेपासून मागे मोजून ठरवावी. सकाळी सातला इंजेक्शन घेतले असता नमुना अकरा ते एकच्या दरम्यान द्यावयास हवा. पावसाळ्यात होडी बंद पडण्याचा संभव लक्षात घेऊन इंजेक्शनांचा साठा आधीच घरी असावा. औषधविक्रेत्यांनी असेनोकुमारॉल व वॉरफॅरिन एकमेकांच्या जागी कदापि देऊ नये. त्यांच्या मिलिग्रॅमांची बरोबरी होत नाही.

आता आपल्या औषधांविषयी. लसूण, हरिद्रा, शुंठी, गुग्गुळ ही द्रव्ये स्वयंपाकातील प्रमाणात एक आणि चूर्ण, वटी वा अर्काच्या रूपात निराळी. अशा रुग्णेस ती औषधी मात्रेत देऊ नयेत. गोळीवर असलेल्या रुग्णेचे औषध बदलले वा वाढविले, तर काही दिवसांतच आयएनआर पुन्हा करवून घ्यावा. पालेभाज्या बंद करण्याचे कारण नाही. मात्र महिनाभर न खाता एकदम रोज मेथी, शेवग्याचा पाला सुरू केल्यास आकडा घसरतो. रक्तमोक्षण, जलौकावचारण आणि स्नायूतील इंजेक्शने टाळावीत. डोकेदुखीस विक्रेत्याने अॅस्पिरिन वा डायक्लोफेनॅक स्वतःहून देऊ नये. हृदयरोगतज्ज्ञांनीच अल्प मात्रेत अॅस्पिरिन लिहिले असल्यास ते मात्र बंद करू नये.

प्रसूतीची तारीख व स्थळ छत्तिसाव्या आठवड्यापूर्वीच निश्चित असावे. एनॉक्सापॅरिन प्रसूतीपूर्वी किमान २४ तास थांबवावे लागते, म्हणून ही बाळंतपणे मोठ्या रुग्णालयातच व्हावयास हवीत. नंतर गोळी पुन्हा सुरू होते. वॉरफॅरिन स्तनपानास बाधक नाही. सूतिका घरी परतल्यावर मालिश करणाऱ्या बाईस पोट व मांड्या जोराने न दाबण्याची ताकीद द्यावी. स्राव अकस्मात वाढल्यास, हिरड्यांतून रक्त आल्यास, किंवा धाप लागून झडपेचा नेहमीचा टकटक आवाज मंदावल्यास तिला त्याच घटकेस रुग्णालयात पाठवावे.