होस्टआयडी पक्का, तर पूल पक्का

सर्व्हरची किल्ली उद्यापासून तुझ्याकडे, म्हणून आज नीट ऐक. लिनक्सवर झेडएफएसचा पूल बनवण्याआधीच मशीनचा होस्टआयडी कायमचा ठरवून टाक.

हा आठ हेक्स अंकांचा आकडा. पूल ज्या मशीनवर चालू असतो त्याचा आकडा झेडएफएस डिस्कच्या लेबलवर लिहितं, सातबाऱ्यावर नाव चढावं तसा. पूल एक्स्पोर्ट न करता मशीन बंद पडलं आणि पुढच्या वेळी आकडा वेगळा निघाला, की ‘हा पूल दुसऱ्या सिस्टिमचा आहे’ म्हणून इम्पोर्ट अडतो. डेटा जागेवरच असतो, पण रात्री दोन वाजता ते कोणाला सुचतं?

टर्मिनलवर ‘होस्टआयडी’ कमांड देऊन आकडा दिसला म्हणून निर्धास्त होऊ नकोस. इटीसीमध्ये होस्टआयडी नावाची फाइल नसेल, तर ती कमांड आयपी पत्त्यावरून आकडा तयार करून दाखवते. पत्ता बदलला की तोही बदलतो. कर्नलमधलं मॉड्यूल मात्र फाइलच वाचतं, आणि फाइल नसली की त्याच्या लेखी आकडा शून्य. म्हणून ती फाइल बनवायला ‘झेडजेनहोस्टआयडी’ चालव. फाइल चार बाइटची, बायनरी असते, एडिटरने लिहायला जाऊ नकोस.

रूट पूलवरच असेल तर फाइल इनिटरॅमएफएसमध्येही जायला हवी. डेबियन-उबुंटूवर ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’, फेडोरावर ‘ड्रॅकट -एफ’. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

व्हर्च्युअल मशीन क्लोन केलंस की आकडाही क्लोन होतो, तेव्हा क्लोनला नवा दे. दोन सर्व्हर एकाच डिस्क-शेल्फला जोडलेले असतील तर हे टाळून चालणारच नाही. तिथे पूलचा ‘मल्टीहोस्ट’ पर्याय चालू ठेव, 2017च्या 0.7 आवृत्तीपासून ते आहे, पण होस्टआयडी नसेल तर ते चालू होत नाही. एकच पूल दोन मशीनवर एकाच वेळी इम्पोर्ट झाला तर तो हातचा जातो. म्हणून इम्पोर्टला ‘-एफ’ लावण्याआधी दुसरं मशीन खरंच बंद आहे का, ते जाऊन डोळ्यांनी बघ. डिस्क हलवायच्या असतील तर आधी पूल एक्स्पोर्ट कर.

आज घरी जाण्याआधी प्रत्येक सर्व्हरचा आकडा रजिस्टरमध्ये उतरव. ओएस नव्याने टाकायची वेळ आली, तर ‘झेडजेनहोस्टआयडी’ला तोच आकडा द्यायचा आहे.